यजमान कुटुंबाची पहिली भेट : परदेशी स्वयंसेवेला निघालेल्या कोकणातील तरुणांसाठी

कोकणातल्या घरी पाहुणा आला की पायांवर पाणी, मग गूळ-पाणी, मग ओटीवर बैठक आणि आतून चहाच्या कपांचा आवाज, हा क्रम आपल्याला लहानपणापासून पाठ असतो. पाहुण्याचे स्वागत कसे करावे हे आपल्याला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. वर्षभर दुसऱ्याच्या घरी कसे राहावे हे मात्र कोणीच शिकवत नाही, कारण आपले पाहुणेपण गणपतीचे काही दिवस किंवा मे महिन्यात मामाकडे काढलेले दोन आठवडे एवढेच असते. ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण आपल्याकडे हसत-हसत सांगितली जाते. परदेशात स्वयंसेवेसाठी जाणाऱ्याला मात्र तिसऱ्या दिवसानंतरही तिथेच राहायचे असते, आणि म्हणून पहिल्याच भेटीत पाहुणेपण उतरवून ठेवायची तयारी करून जावे लागते.

मी स्वतः गुहागर तालुक्यातला. जर्मनीतील एका लहान गावात, वृद्धाश्रमात काम करत, मी एक वर्ष एका कुटुंबाबरोबर राहिलो. जर्मनीत सक्तीची लष्करभरती १ जुलै २०११ रोजी स्थगित झाली. तिच्याऐवजी नागरी सेवा करणारे तरुण मिळेनासे होणार म्हणून त्याच वेळी ‘बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट’ ही संघराज्याची स्वयंसेवा योजना सुरू झाली, आणि तिच्यात परदेशी तरुणांनाही घेतले जाते. परतल्यापासून दापोली, गुहागर, रत्नागिरी या बाजूची मुले-मुली जाण्यापूर्वी चौकशीला येतात. व्हिसाचे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असते. अडते ते ‘त्या घरात शिरल्यावर नेमके करायचे काय’ या प्रश्नाशी. पुढील टप्पे त्या प्रश्नासाठी आहेत, आणि उदाहरणे मला माहीत असलेल्या जर्मनीची आहेत.

निघण्यापूर्वीचे पत्र

संस्थेकडून यजमान कुटुंबाचे नाव व पत्ता मिळाला की आठवडाभरात त्यांना एक पानाचे पत्र पाठवावे. ईमेल चालेल, परंतु व्हॉट्सअपवर तुकड्यातुकड्यांनी लिहू नये. घरी कोण कोण आहे, गाव कसे आहे, तुम्ही काय शिकलात, भाषा कितपत येते, हे साध्या वाक्यांत लिहावे आणि घरच्यांबरोबरचा एक फोटो जोडावा. आंब्याच्या बागेपुढे किंवा समुद्रावर काढलेला फोटो असल्यास पहिल्या जेवणाच्या वेळी बोलायला विषय आपोआप मिळतो.

या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद खाण्याचा असतो आणि आपली मुले नेमकी तिथेच भिडस्तपणा करतात. ‘मला काहीही चालते’ असे लिहिणे म्हणजे समोरच्याला अंधारात ठेवणे होय. गोमांस किंवा डुकराचे मांस खात नसाल तर तसे नावानिशी लिहावे. तुम्ही सोमवार, गुरुवार, शनिवार पाळत असाल आणि बुधवार, शुक्रवार, रविवारी मासे खात असाल, तर तेही लिहावे, कारण वारांप्रमाणे खाणे बदलते ही कल्पना त्यांना नवी असते. शाकाहारी असाल तर त्यात मासे, अंडी, मांसाचे पाणी घातलेले सूप आणि जिलेटिन घातलेल्या गोळ्या यांपैकी काय बसत नाही हे स्पष्ट करावे. औषधे, ॲलर्जी, दमा, धूम्रपान याही गोष्टी याच पत्रात याव्यात.

उत्तरात काय विचारायचे तेही ठरवून ठेवावे. घरात कोण राहते, पाळीव प्राणी आहेत का, खोली स्वतंत्र आहे का, कामाच्या ठिकाणी कसे जायचे, हे प्रश्न कोणालाही खटकत नाहीत. कुत्र्याचा प्रश्न तर अवश्य विचारावा. आपल्याकडे कुत्रा अंगणात किंवा खळ्यात असतो. तिथे तो स्वयंपाकघरात फिरतो, कोचावर झोपतो आणि नवीन माणसाचे तोंड चाटू पाहतो. भीती वाटत असेल तर आधी कळवलेले बरे. दारात उभे राहून किंचाळल्यावर ती कळली तर दोन्ही बाजू ओशाळतात.

काय न्यावे आणि काय नेऊ नये

भेटवस्तू लहान, टिकाऊ आणि आपल्या भागाची असावी. सावंतवाडीची लाकडी खेळणी, गंजिफाचे पत्ते, भाजलेले काजू, आंबापोळी, आमसुले हे उत्तम. दुधाचे पदार्थ आणि मांस प्रवाशाने युरोपीय संघात आणण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे आणि आईने बळेच दिलेला तुपाचा डबा घरीच ठेवावा. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. नारळ, केळी, अननस, खजूर आणि दुरियन यांना तेवढी सूट आहे, आंब्याला नाही. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयातच थांबवली होती आणि ती बंदी २०१५ च्या सुरुवातीस उठली, हे आपल्या बागायतदारांना चांगलेच आठवत असेल. तेव्हा पेटीतले चार हापूस बॅगेत लपवून नेण्याचा मोह आवरावा. सुके खोबरे विमानाच्या सामानात नेऊ देत नाहीत, कारण त्यातील तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. कोकमाचे आगळ न्यायचे असल्यास बाटली घट्ट बंद करून मोठ्या बॅगेत ठेवावी. केबिनच्या बॅगेत शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली सहसा चालत नाही.

मासळीबाबतचा नियम मात्र गमतीचा आहे. सुकवलेली मासळी स्वतःच्या वापरासाठी वीस किलोपर्यंत युरोपीय संघात नेता येते. कायदा आड येत नाही हे खरे, तरीही बंद खिडक्यांच्या घरात सुके बोंबील भाजणाऱ्या स्वयंसेवकाची पहिली छाप कशी पडेल याचा विचार ज्याचा त्याने करावा.

भेट दारातच देण्याची घाई करू नये. बूट काढून, सामान खोलीत ठेवून सगळे बसले की द्यावी आणि पदार्थ काय आहे, कसा खातात, हे दोन वाक्यांत सांगावे. माझ्याकडच्या आमसुलांना तिथल्या आजींनी सुकवलेली आलुबुखारे समजून दोन एकदम तोंडात टाकली होती.

पोचण्याचा दिवस

चिपळूणहून कोकणकन्येने मुंबई, तिथून विमान आणि पुढे तिकडची रेल्वे, असा दीड-दोन दिवसांचा प्रवास झालेला असतो. ज्या गाडीने पोचणार ती गाडी, फलाट आणि वेळ कुटुंबाला आदल्या दिवशी कळवावी. जर्मन रेल्वे वक्तशीर असते ही समजूत घेऊन आलेल्यांचा तिथे लवकरच भ्रमनिरास होतो. गाडी चुकली किंवा उशीर झाला तर लगेच निरोप द्यावा, कारण कोणीतरी कामातून सुट्टी घेऊन स्थानकावर उभे असते. स्वतःच घरी जाणार असाल तर दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीही घंटा वाजवू नये. आपल्याकडे ‘लवकर आलात, बरे झाले’ म्हणतात, तिथे यजमान बहुधा अजून खोली झाडत असतात.

यजमानांचा पत्ता व फोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. फोनची बॅटरी संपण्याची वेळ नेमकी हीच असते. केबिनच्या बॅगेत एक धुतलेला सदरा, दात घासण्याचे सामान आणि घरात घालायच्या चपला असाव्यात.

दारातली पाच मिनिटे

भेटल्यावर डोळ्यांत पाहून हात मिळवावा आणि आपले नाव सांगावे. वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर न देणे हा आपल्याकडे आदर असतो; तिथे त्याचा अर्थ लाजरेपणा किंवा अविश्वास असा लागू शकतो. आजी-आजोबा समोर आले म्हणून वाकून नमस्कार करण्याची गरज नाही. अचानक कोणी पायाशी वाकले की ती माणसे घाबरून मागे सरतात. मिठी त्यांनी मारली तर मारावी, आपण होऊन नको.

हाक कशी मारायची हा मराठी माणसाला सर्वांत अवघड वाटणारा भाग आहे. काका, मावशी, आजी ही नाती तिथे अनोळखी माणसाला लावत नाहीत. जर्मन भाषेत ‘झी’ आणि ‘डू’ हा भेद साधारणतः आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’सारखाच आहे, आणि ‘डू’ म्हणायची मुभा वडील माणसाने द्यायची असते. यजमान कुटुंबात ती बहुधा पहिल्याच मिनिटाला मिळते आणि मग पन्नाशीच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारावी लागते. जीभ अडखळते, पण मारावी. मी पहिले दहा दिवस हाकच टाळत होतो आणि कोणाला बोलवायचे असल्यास समोर जाऊन उभा राहत होतो. त्या बाईंना वाटले की मला त्यांचे नाव लक्षात राहत नाही. तुमचे स्वतःचे नाव त्यांना उच्चारता येत नसेल तर ते सावकाश दोनदा सांगावे. पहिल्याच दिवशी ‘काहीही म्हणा’ असे म्हणून ते सोडून देऊ नये.

बूट काढायचे की नाही हे दारातील बुटांची रांग पाहून समजते; न समजल्यास विचारावे.

पहिले जेवण

या टप्प्यावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण आपला सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. कोकणात पाहुण्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे असते, दुसऱ्यांदा ‘खरेच नको’ म्हणायचे असते आणि तिसऱ्या आग्रहाला ताट पुढे करायचे असते. आग्रह करणारीला आणि करवून घेणाऱ्याला हा खेळ माहीत असतो. तिथे पहिला ‘नको’ हाच शेवटचा धरतात आणि भांडे पुढच्या माणसाकडे जाते, त्यात उपेक्षा मुळीच नसते. उलट तुमच्या शब्दाला किंमत दिली जात असते. मी पहिल्या रात्री भाजीच्या सूपाला सभ्यपणे ‘नको’ म्हटले आणि सूप खरोखरच परत गेले. त्या रात्री मी खोलीत बसून भेटीसाठी आणलेल्या काजूंपैकी अर्धे पाकीट संपवले. भूक असेल तर पहिल्याच वेळी ‘हो, आवडेल’ असे म्हणावे, आणि पोट भरले असेल तर ‘पुरे झाले, छान होते’ असे म्हणून थांबावे.

दुसरी गोष्ट म्हणजे रात्रीचे जेवण अनेक घरांत थंड असते. पाव, चीज, मांसाचे काप, काकडी, टोमॅटो एवढेच संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास मांडतात आणि त्याला ‘आबेन्डब्रोट’, म्हणजे संध्याकाळचा पाव, असेच म्हणतात. आपल्याला वाटते की ही सुरुवात आहे, भात नंतर येईल. भात येत नाही. गरम जेवण दुपारी झालेले असते. तेव्हा पावाचे दोन तुकडे घेऊन वाट पाहत बसू नये.

सर्वांना वाढून होईपर्यंत आणि कोणी ‘गूटेन आपेटीट’, ही जेवणापूर्वीची शुभेच्छा, म्हणेपर्यंत थांबावे. पाव हाताने खातात. भात, बटाटे, भाजी काट्या-चमच्याने. ताटात घेतलेले टाकू नये, म्हणून पहिल्यांदा थोडे घ्यावे. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. टेबलावरच्या बाटलीत बहुधा बुडबुड्यांचे पाणी असते आणि पहिल्या घोटाला चेहरा वाकडा होतो, त्याची सवय ठेवावी. मद्य पुढे आले आणि नको असेल तर नको म्हणावे. कारण सांगावे लागत नाही. जेवण झाल्यावर उठून आपले ताट उचलून नेण्यास परवानगी लागत नाही आणि मुलग्यांनी तर ते पहिल्याच रात्री करावे.

न्हाणीघर

आपल्या न्हाणीघरात मोरी असते, पाणी कुठेही सांडले तरी वाहून जाते. तिथल्या स्नानघराच्या जमिनीला बहुतेक वेळा पाणी जाण्याची वाटच नसते. शॉवरची काच किंवा पडदा पूर्ण बंद करून आंघोळ करावी, अंग आतच पुसावे, बाहेर पायपुसण्यावर यावे आणि काचेवरचे पाणी तिथे टांगलेल्या रबरी पट्टीने ओढून घ्यावे. मी पहिल्या सकाळी मनसोक्त पाणी उडवले आणि ते फरशीवरून बाहेरच्या लाकडी जमिनीपर्यंत गेले. कुटुंबातील कोणी ओरडले नाही, पण तिघे गुडघ्यांवर बसून टॉवेलने पुसत होते ते दृश्य मी विसरलेलो नाही.

शौचालयात कागद असतो, पाणी नसते. स्वच्छतेसाठी पाण्याची बाटली नेणार असाल तर थेंबही खाली सांडू नये. पुरुषांनी बसूनच लघवी करावी अशी अनेक घरांत अपेक्षा असते, कधी तशी पाटीही असते. गरम पाण्याला पैसे पडतात, म्हणून शॉवर किती वेळ घ्यायचा आणि सकाळी कोणाचा क्रम कधी, हे विचारून घ्यावे. हे सर्व विचारायला लाज वाटते. पहिल्या दिवशी विचारले तर ती एकदाच वाटते.

पहिल्या संध्याकाळचे प्रश्न

घर दाखवले जात असताना लहान वही हातात ठेवावी आणि उघडपणे लिहून घ्यावे. त्याचे त्यांना कौतुकच वाटते. दाराची किल्ली, वायफायचा संकेतशब्द, कपडे धुण्याचे यंत्र कोणत्या दिवशी वापरायचे, फ्रीजमधील कोणता कप्पा आपला, कोणते खाणे न विचारता घेता येते, खोलीत झाडलोट कोणी करायची, पाहुणे आणता येतील का, रात्री उशीर होणार असेल तर कळवायचे कसे, एवढे प्रश्न पुरतात.

किल्लीबाबत थोडे अधिक. आपली दारे दिवसभर उघडी असतात. तिथले दार मागे लागले की बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. पेपर उचलायला बाहेर पडतानाही किल्ली खिशात असावी. संपूर्ण इमारतीच्या कुलपांना लागणारी किल्ली हरवली तर कुलपे बदलण्याचा खर्च मोठा येतो, म्हणून संस्थेच्या विम्यात दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई धरली आहे का ते पाहावे.

कचऱ्याचे डबे रंगांनुसार वेगळे असतात आणि रंगांचे नियम गावागणिक बदलतात. घरातील लहान मूल हे यातले सर्वांत कडक आणि खात्रीचे गुरू असते. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता पाळतात. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारी गरजेचे आणून ठेवावे. थंडीतही रोज काही मिनिटे खिडक्या सताड उघडतात, तेव्हा हिटर बंद करावा. खिडकीची मूठ एका दिशेला वळवली की ती दारासारखी उघडते आणि वर वळवली की नुसती कलते. पहिल्यांदा कललेली खिडकी पाहून ती मोडली असे वाटते, मोडलेली नसते.

कुटुंबाच्या सहीचा कागद

घरी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला ‘आन्मेल्डुंग’ म्हणतात आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याने ‘ही व्यक्ती इथे राहते’ असे लिहून सही केलेला कागद लागतो. हा कागद मागणे संकोचाचे वाटते, म्हणून मुले तो दुसऱ्या आठवड्याच्या शेवटापर्यंत लांबवतात. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी विषय काढावा. कर-क्रमांकाचे पत्र, बँकेची कागदपत्रे, विम्याचे कार्ड हे सारे पुढे टपालाने येते. जर्मनीत पोस्टमन पेटीवरील नाव पाहून पत्र टाकतो. पेटीवर यजमानांचेच आडनाव असेल तर तुमचे पत्र परत जाते. तेव्हा पेटीवर व घंटेपाशी आपले नाव चिकटवण्याची विनंती पहिल्याच दिवशी करावी.

पासपोर्ट मात्र स्वतःजवळच ठेवावा. नोंदणीसाठी तो दाखवायचा असतो, कोणाकडे ठेवायला द्यायचा नसतो.

पहिला आठवडा

खोलीचे दार लावून बसणे आणि सतत सगळ्यांत असणे, या दोहोंच्या मधली वाट शोधायची असते. घरी फोन करण्याची वेळ ठरवावी. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते, त्यामुळे त्यांची जेवणाची वेळ आणि आपल्या आईची निजण्यापूर्वीच्या फोनची वेळ नेमकी एकत्र येते. पहिल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर फोन घेऊ नये आणि हे आईला आधीच सांगून ठेवावे, नाहीतर गावाकडे रेंज मिळेपर्यंत काळजी सुरू होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादे काम कायमचे मागून घ्यावे. ‘मी काही मदत करू का?’ या प्रश्नाला ‘नको, बस’ असेच उत्तर येते. ‘भांड्यांचे यंत्र रिकामे करणे माझ्याकडे द्या’ असे म्हटले तर ते मिळते आणि तिथून पाहुणेपण ओसरू लागते.

स्वयंपाक दुसऱ्या आठवड्यात करावा. सोलकढी सोपी पडते, कारण नारळाचे दूध डब्यात मिळते आणि आमसुले तुम्ही नेलेलीच असतात. मिरची मात्र एका जागी अर्धी घालावी. फोडणीपूर्वी स्वयंपाकघराचे दार लावून खिडकी उघडावी, कोणते भांडे वापरू ते विचारावे, कारण लेप दिलेल्या तव्यावर आपला लोखंडी उलथणा चालवला की तवा फुकट जातो.

देश बदलला तर

नेपाळमध्ये जाणाऱ्याला बरेच काही ओळखीचे वाटेल, आणि त्यामुळेच चुका होतील. अनेक घरांत डाळ-भाताचे पहिले जेवण सकाळी दहाच्या सुमारास होते, उष्ट्याचा विचार कडक असतो, विचारल्याशिवाय चुलीपाशी जाऊ नये आणि साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते. जपानमध्ये बूट दारातील खालच्या भागात काढून वरच्या पायरीवर चढायचे असते. तिथे आधी बाहेर अंग धुऊन मगच टबमध्ये बसतात आणि तेच पाणी घरातील पुढच्या माणसासाठी ठेवतात, म्हणून बूच काढू नये. सर्दीच्या काही गोळ्यांत असणारे स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून अधिक असेल तर त्या जपानमध्ये नेण्यास मनाई आहे. औषधे नेताना डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी आणि मनाई असलेल्या औषधांची यादी तपासून घ्यावी.

जमले नाही तर

पहिल्या आठवड्यातले अवघडलेपण आणि खरी अडचण यांत फरक करावा. जेवण फिके लागणे, रविवारी उदास वाटणे, कुत्र्याचे केस कपड्यांना लागणे, हे निवळते. खोलीला दारच नसणे, ठरलेल्याहून अधिक घरकाम किंवा मुले सांभाळणे अंगावर पडणे, पासपोर्ट काढून घेणे, नको असलेला स्पर्श, यांपैकी काहीही झाले तर ‘त्यांनी आपल्याला ठेवून घेतले आहे’ या ओशाळेपणाने गप्प राहू नये. संस्थेच्या समन्वयकाला त्याच दिवशी कळवावे आणि फोननंतर ईमेलही करावा. जर्मनीत पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका वा अग्निशमनासाठी ११२ हा क्रमांक आहे. भारतीय दूतावास बर्लिनमध्ये आणि वाणिज्य दूतावास म्युनिक, फ्रँकफर्ट व हँबर्ग येथे आहेत.

कोणाचाही दोष नसताना स्वभाव न जुळणे हेही घडते, आणि समन्वयक दुसरे घर शोधून देतात. निघताना चादर धुऊन घडी घालावी, किल्ली हातात द्यावी, नव्या पत्त्याची नोंदणी पुन्हा दोन आठवड्यांत करावी आणि जुन्या पेटीवर चिकटवलेली आपल्या नावाची चिठ्ठी आपल्याच हाताने काढून न्यावी.